तीर्थस्नान आणि परके पाणी

श्रीक्षेत्र विष्णुपुरी येथे दर्शनास येऊ इच्छिणाऱ्या भाविकांचे दूरध्वनी संस्थानच्या कार्यालयात बाराही महिने येत असतात. निवासाची सोय होईल काय, अभिषेकाची पावती आधी फाडावी लागते काय, नांदेड स्थानकावरून वाहन कोणते मिळते, असे प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे या पुस्तिकेत अन्यत्र दिलेली आहेत. परंतु संभाषण संपता संपता एक प्रश्न बहुधा येतोच : "घाटावर पाणी आहे ना?" पाणी असेल तर यात्रा, नसेल तर पुढच्या वर्षी पाहू, असा त्या प्रश्नाचा रोख असतो. इतक्या वर्षांच्या कार्यालयीन सेवेनंतर मला असे वाटू लागले आहे की हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही. भाविक बंधुभगिनींनी यात्रेचा बेत आखण्यापूर्वी त्याचा थोडा विचार करावा, म्हणून हे लिहीत आहे.

प्रथमच येणाऱ्या भाविकास येथे समोर जे विस्तीर्ण पाणी दिसते त्याला नदी म्हणावे की सरोवर, असा संभ्रम पडतो. दोन्ही म्हणणे खरे आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदामाई नाशिक, पैठण अशी क्षेत्रे पावन करीत, वाटेत पूर्णेला पोटात घेऊन येथे श्रीकाळेश्वराच्या पायाशी येते. नांदेड परिसराला तिचे नाभिस्थान मानण्याची परंपरा आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात असर्जनजवळ या पात्रावर दरवाजांचा बांध झाला, उपसा सिंचनाची मोठी योजना उभी राहिली आणि वाहती नदी येथे थांबून सागरासारखी पसरली. दिवंगत शंकरराव चव्हाण यांच्या नावावरून या जलाशयास 'शंकरसागर' म्हणतात. त्याची साठवणक्षमता ८०.७९ दशलक्ष घनमीटर आहे. येथून पंपांनी उचललेले पाणी लोहा-कंधारकडील माळरानावर जाते, आणि नांदेड शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधारही हाच आहे. म्हणजे आपण ज्या पाण्याला तीर्थ म्हणून मस्तक लववतो, तेच शुद्धीकरण केंद्रातून फिरून एक-दोन दिवसांनी नांदेडातील कुणाच्या तरी घागरीत पडत असते.

(येथे एक खुलासा करणे इष्ट. तेलंगणात प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ कालेश्वरम् हे क्षेत्र आहे. तेथेही नदीकाठी महादेव आणि तेथेही, २०१९ साली सुरू झालेली, प्रचंड उपसा सिंचन योजना. नामसाधर्म्यामुळे एखाद्याचा गोंधळ होऊ शकतो. वाहन ठरविताना 'नांदेडजवळील विष्णुपुरी' असे स्पष्ट सांगावे.)

माणसाने अडविलेले पाणी तीर्थ होऊ शकते काय, असे काही चिकित्सक गृहस्थ विचारतात. त्यात फारसा वेळ घालविण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात कंधार येथे राष्ट्रकूटकाळातील तलाव आहे. तो माणसांनीच बांधला, तरीही पूर्वजांनी त्याला जगत्तुंग 'समुद्र' म्हटले आणि त्याच्या काठी देवांना स्थान दिले. 'तीर्थ' हा शब्दच मुळी 'तरून जाणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. जेथून पलीकडे जाता येते ती जागा तीर्थ. विष्णुपुरीच्या माळावर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, त्याच्या परिसराला 'ज्ञानतीर्थ' म्हणतात, ते काही तेथे घाट आहे म्हणून नव्हे.

खरा अवघड प्रश्न पुढचा आहे. हे पाणी कोणाचे?

आपल्या धर्मशास्त्रकारांनी हा प्रश्न टाळलेला नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात एक नियम आहे, तो मी महाविद्यालयात असताना वाचला होता आणि त्या वेळी मला गमतीचा वाटला होता. दुसऱ्याच्या पाण्यात स्नान करावयाचे असेल तर आधी त्यातून मातीचे पाच गोळे काढून बाहेर टाकावेत, त्याशिवाय स्नान करू नये, असा तो नियम. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात तर याहून कडक शब्दांत सांगितले आहे की परक्याने खोदलेल्या तळ्यात जो स्नान करतो त्याला तळे खोदणाऱ्याच्या पापाचा अंश चिकटतो. मात्र नदी, देवखात म्हणजे निसर्गतः झालेले डोह, झरे यांना ही अट नाही. तेथे स्नान मोकळे आहे. ते पाणी कोणीच कमावलेले नाही, म्हणून ते सर्वांचे.

वाचकांच्या लक्षात आले असेल की आरंभीचा संभ्रम आता नुसता शब्दांचा राहिला नाही. विष्णुपुरीचे पाणी नदी मानले तर भाविक मोकळेपणाने बुडी मारू शकतो. ते तळे मानले तर त्याच्यावर पाच गोळ्यांचे ऋण आहे. माझे मत असे की नाव गोदावरीचे असले तरी आजचे हे पाणी तळ्याचे आहे. ते आपोआप येथे थांबलेले नाही. ते थांबावे म्हणून कोणाची तरी शेते बुडाली, कोणाच्या तरी करातून भिंत उभी राहिली, आणि वरच्या धरणांतून ते किती सोडावयाचे यावर दरवर्षी बैठका होतात. वर पैठणला १९७६ साली जायकवाडीचे धरण पूर्ण झाले. त्याच्या नाथसागराखाली अनेक गावे, त्यांची देवळे आणि पांढरी गेली. ज्यांची गावे गेली त्यांच्या विस्थापनाचा हिशेब पुरता झाला, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल असे मला वाटत नाही. मनूने सांगितलेला 'तळे करणाऱ्याच्या पापाचा अंश' आजच्या भाषेत वाचला तर तो एवढा परका वाटत नाही.

यावर एक आक्षेप येतो, तो रास्त आहे. जुन्या काळी तळे बांधणारा जलाशयोत्सर्गाचा विधी करीत असे, आणि त्या विधीने तो आपला हक्क सोडून पाणी सर्व प्राणिमात्रांना अर्पण करी. शासनाने बांधलेला जलाशय म्हणजे असा उत्सर्ग केलेलाच नव्हे काय? मग तो परका कसा? आक्षेप मान्य. पण सर्वांना अर्पण केलेले पाणी एकट्या भाविकाचे होत नाही. त्या 'सर्वांत' लोह्याचा शेतकरी आहे, नांदेडच्या गल्लीत नळाची वाट पाहणारी बाई आहे, आणि भिंतीच्या खालचेही आहेत. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा वाद सर्वांस ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल देऊन त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावेत आणि १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे, असे ठरवून दिले. महाराष्ट्राने २००५ साली केलेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातही खोऱ्यातील टंचाई वरच्याखालच्यांनी वाटून घ्यावी हे तत्त्व आहे. 'समन्यायी पाणीवाटप' हा शब्द आता खेड्यातल्या पारावरही ऐकू येतो. गोदामाईचा प्रत्येक थेंब असा कोणाच्या ना कोणाच्या नावे मोजलेला असताना भाविकाने आपण या मोजणीच्या बाहेर आहोत असे समजू नये.

दुसरा आक्षेप आकड्याचा. एका भाविकाने बुडी मारली म्हणून जलाशयातले किती पाणी कमी होते? काहीच नाही, हे उघड आहे. स्नान करणारा पाणी संपवत नाही, तो ते मळवतो. याज्ञवल्क्यांनी परक्या तळ्यात स्नान करणाऱ्याकडून पैसा मागितला नाही, पाणी आणून ओतावयास सांगितले नाही, गाळ काढावयास सांगितले, त्यामागचा विचार मला येथे उलगडतो. जे बिघडते त्याचीच भरपाई. आज घाटावर जे बिघडते ते पायाच्या धुळीने नव्हे. साबण, शांपूच्या पुड्या, अंगावरून उतरवून पाण्यात सोडलेली वस्त्रे, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट टाकलेले निर्माल्य, देवांच्या फुटलेल्या काचेच्या तसबिरी, हे सारे ज्या पाण्यात जाते ते पिण्याचे पाणी आहे. घरातल्या माठात कोणी पाय धुतले तर आपण काय करू?

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो.

२०१५ साली नाशिकला सिंहस्थ भरला. पावसाने दगा दिलेला होता. शाही स्नानांसाठी गंगापूर धरणातून रामकुंडाकडे पाणी सोडण्यात आले आणि त्यावरून मोठी चर्चा झाली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. एका बाजूचे म्हणणे असे की बारा वर्षांनी येणारे पर्व आहे, देशभरातून साधू-भाविक आले आहेत, आणि सोडलेले पाणी काही नाहीसे होत नाही, ते नदीतूनच पुढे जाते. दुसरी बाजू म्हणे की टँकरने पाणी पिणाऱ्या गावांच्या डोळ्यांदेखत हे करणे शोभत नाही. त्या वेळी कार्यालयात वृत्तपत्र वाचताना मी पहिल्या बाजूचा होतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पर्व चुकवू नये असेच मला वाटत होते. पुढच्या उन्हाळ्यात तेच रामकुंड कोरडे पडले.

तो २०१६ चा उन्हाळा मराठवाड्यातील कोणी विसरणार नाही. जायकवाडीचा साठा मृतसाठ्यात गेला होता. लातूरला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे होते. मार्च महिन्यात लातुरात पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे त्या गाडीच्या पन्नास वाघिणी झाल्या. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी लोखंडी रुळांवरून मांजरेच्या खोऱ्यात आले, असा दिवस आपण पाहिला. विष्णुपुरीचा जलाशयही त्या दिवसांत आत आत सरकला होता. काठाकडून पाण्यापर्यंत जाताना भेगाळलेल्या गाळावरून चालावे लागे, आणि उरलेले पाणी पिण्यासाठी राखलेले होते.

त्याच दिवसांत एक दूरध्वनी आला. औशाकडील एक वयोवृद्ध शेतकरी बोलत होते. नेहमीचा प्रश्न : "साहेब, घाटाला पाणी हाय का?" दिवसभरात असे दहा दूरध्वनी घेऊन मी कंटाळलो होतो. मी म्हणालो, "बाबा, स्नानापुरते पाणी नाही. उगीच उन्हात येऊ नका. पाऊस झाल्यावर या." थोडा वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "आंघुळीला नगं. नुसतं बघायला यायचंय. दोन साल झाले, साठलेलं पाणी बघितलं नाही."

मला काय बोलावे ते सुचले नाही. "या," एवढेच म्हणालो. पुढे ते आले किंवा कसे, मला माहीत नाही. आले असतील तर गर्दीत मी त्यांना ओळखले नसणार. देणगीदाराचे नाव-पत्ता कार्यालयात हटकून लिहून घेतला जातो. त्यांचे नाव मी वहीत लिहिले नाही.

ज्या आठवड्यात हा दूरध्वनी आला त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक पत्र होते. मोठ्या शहरात स्थायिक झालेल्या, मूळच्या याच भागातील एका सद्गृहस्थांची इच्छा होती की पाऊस पडावा म्हणून महादेवास अकरा दिवस अखंड जलधारा घालावी. जलाशयात पाणी नसेल तर टँकर मागवावेत, सर्व खर्च आपण देऊ, शिवाय भक्तनिवासासाठी वेगळी देणगी देऊ. त्यांच्या भावनेत खोट नव्हती. दुष्काळात महादेवास पाण्यात कोंडण्याची, गाभारा पाण्याने भरण्याची प्रथा आपल्याकडे गावोगाव आहे. मी स्वीकाराचे पत्र टंकलिखित करून ठेवलेही होते. औशाच्या बाबांशी बोलल्यावर ते पाठविण्यास हात धजेना. मी दुसरे पत्र लिहिले. महादेवास रोज एक तांब्या पाणी वाहू, आणि आपली इच्छा असेल तर ते टँकर एखाद्या वस्तीवर पाठवावेत, असे त्यात सुचविले. उत्तर आले नाही. देणगीही आली नाही. भक्तनिवासाच्या दोन खोल्या त्या पैशात सहज झाल्या असत्या, आणि त्या खोल्यांत आज रुग्णांचे नातेवाईक राहिले असते, कारण विष्णुपुरीस शासकीय रुग्णालय आल्यापासून ओट्यावर रात्र काढणारे बरेचसे लोक तेथूनच येतात. मी बरोबर केले काय? टँकरविषयी मला शंका नाही. पत्राच्या भाषेविषयी आहे. देणगीदारास उपदेश केल्यासारखे ते वाचले गेले असावे. माझ्या जागी अधिक मृदू माणूस असता तर टँकरही वस्तीवर गेले असते आणि खोल्याही झाल्या असत्या.

अशा प्रसंगी आपल्याकडे संत एकनाथांची कथा सांगितली जाते. काशीहून गंगेची कावड रामेश्वराकडे नेत असता वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव नाथांना दिसले आणि त्यांनी ती कावड त्याच्या मुखी रिकामी केली. रामेश्वर मला येथेच पावला, अशी त्यांची भावना. नाथ पैठणचे, म्हणजे आपल्याच गोदाकाठचे. येथे येणारे पाणी त्यांच्या घरावरून आलेले असते. पण ही कथा ऐकून आपण जे लगेच सद्गदित होतो त्यात थोडी फसगत आहे असे मला वाटते. नाथांच्या खांद्यावरचे पाणी त्यांच्या स्वतःच्या पायपिटीने कमावलेले होते आणि गाढव त्यांच्या डोळ्यांसमोर होते. आपले तसे नाही. आपण ज्या पाण्यात उतरतो ते दुसऱ्याचे, आणि ज्याची तहान त्यात अडकली आहे तो साठ-सत्तर कोसांवर, आपल्याला न दिसणारा. समोरच्या गाढवाला पाणी पाजणारे आजही पुष्कळ निघतील. न दिसणाऱ्या तहानेसाठी यात्रेची तारीख बदलणारे किती, हे मी सांगू शकत नाही. लातूरची मांजरा पुढे वळणे घेत कंदकुर्तीपाशी आपल्या गोदावरीलाच मिळते, ही गोष्टही आपण नकाशा पाहिल्याशिवाय लक्षात घेत नाही.

मग पाणी नसेल त्या वर्षी स्नानाचे पुण्य बुडाले काय? येथे शास्त्रकार आपल्यापेक्षा उदार आहेत. त्यांनी स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत, आणि पाण्यात बुडी मारणे हा त्यांतील केवळ एक, वारुण स्नान. मंत्र म्हणून अंगावर थेंब शिंपडणे हे मांत्र स्नान. अंगाला माती लावणे हे भौम, भस्म लावणे हे आग्नेय. गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ अंगावर घेणे हे वायव्य. ऊन असताना पडणाऱ्या पावसात उभे राहणे हे दिव्य. आणि ईश्वराचे चिंतन हे मानस स्नान. स्कंदपुराणातील काशीखंड तर सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह, दान, प्रिय वाणी यांना तीर्थे म्हणते आणि पुढे एक मार्मिक गोष्ट सांगते, की पाण्यातले जीव पाण्यातच जन्मतात, पाण्यातच मरतात, तेवढ्याने ते काही स्वर्गाला जात नाहीत. ज्या देशात पाऊस बेभरवशाचा आहे त्या देशातील आचार्यांनीच ही यादी केली असणार.

तरीही 'मानस स्नान करा' असे दुसऱ्याला सांगणे फार सोपे आहे, आणि ज्याच्या घरी दोन वेळ नळ येतो त्याने ते सांगू नये. आमच्याकडे अस्थी घेऊन येणारे लोक असतात. पतीच्या अस्थींचे गाठोडे मांडीवर घेऊन बसमधून आलेल्या बाईला तत्त्वज्ञान सांगण्याचा अधिकार मला नाही. तिला पाणीच हवे असते, आणि मूठभर रक्षेने गोदावरी बिघडत नाही. गाठोड्याचे फडके, हार, पिशवी आणि मडके मात्र काठावरच ठेवावे. एवढे सांगितले की कोणी वाईट मानत नाही, असा माझा अनुभव आहे. वाईट मानतात ते सुशिक्षित, मोटारीतून आलेले, आणि तेही बहुधा साबणावरून.

यात्रेचा बेत आखणाऱ्यांसाठी आता थोडे व्यवहाराचे. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवारी येथे मोठी गर्दी होते. केवळ पर्वाचेच पुण्य असा आग्रह नसेल तर भाद्रपद-आश्विनात यावे. पावसाळा ओसरत आलेला असतो, जलाशय बहुधा भरलेला असतो, आणि नांदेडचा सचखंड गुरुद्वारा, माहूरची रेणुकामाता, कंधारचा किल्ला व तलाव हेही त्याच प्रवासात पाहता येते. शहरापासून विष्णुपुरी लातूर रस्त्याने आठ-दहा किलोमीटर आहे. भर पावसात जलाशय भरला की बांधाचे दरवाजे उघडतात. त्या काळात बांधाच्या खालच्या अंगास पात्रात कदापि उतरू नये, पाणी पाहता पाहता वाढते. वरच्या अंगासही हा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारा जुना डोह नव्हे, दोन पावलांवर जुन्या नदीची धार एकदम खोल असू शकते. पोहता येते या भरवशावर तरुणांनी पुढे जाऊ नये. स्नान गुडघाभर पाण्यातही होते. टंचाईच्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षी जिल्हा प्रशासन पाणी पिण्यासाठी राखून ठेवते त्या वर्षी, घाटावर उतरू नये. काठावरून नमस्कार करावा, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावावे.

आणि पाच गोळे. हल्ली घाटाशी येऊन कोणी हाताने चिखल काढू लागला तर ते निरुपयोगी होईल, शिवाय धोक्याचेही. याज्ञवल्क्यांच्या काळी गावतळे लहान होते, शंभर भाविकांचे पाचशे गोळे निघत, आणि यात्रा संपेपर्यंत तळे थोडे खोल झालेले असे. आज त्याची जागा दुसऱ्या कामांनी घेतली आहे. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरेच्या पात्रातला गाळ उपसला. पुढच्या वर्षी शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली, तीत तलावातला गाळ शेतकरी आपल्या शेतात नेतो. मात्र गाळ काढणे हेही आंधळेपणाने करण्याचे काम नव्हे. राजस्थानातील पुष्कर सरोवर, जेथे आपल्याकडील पुष्कळ लोक ब्रह्मदेवाच्या दर्शनास जातात, तेथे गाळ काढण्याचे काम चालू असतानाच २००९ ची कार्तिकी यात्रा आली. सरोवर कोरडे होते आणि भाविकांना लहान कुंडांत पाणी भरून स्नान घडवावे लागले. जाणकाराला विचारल्याशिवाय तळ्याला हात लावू नये.

म्हणून देणगीदार बंधुभगिनींना माझी सूचना साधी आहे. येथे कमान, ओटा वा घंटा देण्याची इच्छा असेल तर स्वागतच आहे. पण आपल्या स्वतःच्या गावी एखादे गावतळे असेल, गाळाने भरलेले आणि बेशरमीच्या झुडपांनी वेढलेले, तर आधी ते पाहावे. विष्णुपुरीस येण्याआधी त्यातून एक ट्रॅक्टरभर गाळ निघाला तर याज्ञवल्क्यांची अट मी पूर्ण झाली असे समजेन. माझ्या समजण्याला शास्त्राधार किती, हे पंडितांनी ठरवावे. गावात तळे नसेल तर येताना एक रिकामी पिशवी आणावी, आणि परत जाताना घाटावर पडलेल्या पाच वस्तू, मग त्या आपण टाकलेल्या नसल्या तरी, तीत भरून न्याव्यात. कचऱ्याचा डबा कमानीच्या डाव्या बाजूस, चप्पलस्टँडच्या शेजारी ठेवलेला आहे.

घाटावरील पाण्याची स्थिती विचारण्यासाठी दूरध्वनी करावयाचा असल्यास सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत करावा. स्नान करावयाचे नसून नुसते पाणी पाहावयास यावयाचे असेल, तर विचारण्याची आवश्यकता नाही.